दाणा निवतो कसा?

कढवलेले तूप सावकाश निवू दिले, तर ते रवाळ होते आणि तेच तूप घाईने थंड केले, तर रवा न धरता गुळगुळीत थिजते, हे आपल्या घरातील कोणत्याही गृहिणीस सांगावे लागत नाही. तूप तेच, वजन तेच, भांडेही तेच. निवण्याचा वेग तेवढा निराळा. आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या व्यापाराशी निगडित असलेल्या एका पदार्थाच्या बाबतीतही ही गोष्ट तितकीच खरी आहे. परंतु तेथे ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो पदार्थ म्हणजे प्लास्टिकचा दाणा.

बँकेच्या नोकरीत मालतारणाच्या तपासणीसाठी दाण्याची पोती मी शेकड्यांनी मोजली आहेत. पंचवीस किलोचे पोते, त्यावरील ग्रेड, लॉट क्रमांक, खरेदीचे बिल. आमचे काम तेथे संपत असे. पोत्यातील दाणा वितळून पुन्हा घट्ट होताना त्याच्या अंतरंगात काय घडते, हे पाहण्याचा योग निवृत्तीनंतर आला. एका परिचितांची कन्या बहुवारिकांवर, म्हणजे आपण ज्यांस पॉलिमर म्हणतो त्यांवर, संशोधन करते. तिच्या प्रयोगशाळेत मी दोन दुपारी घालविल्या आणि ‘काका, आता बोलू नका, नुसते पाहा’ हे तिचे म्हणणे मुकाट्याने ऐकले.

पाहावयाचे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. प्लास्टिकचा रेणू ही एक अतिशय लांब साखळी असते, ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडली. त्या काळच्या विद्वानांपैकी पुष्कळांना ती पटली नाही. पुढे १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची साखळी नियमित रचनेची करण्यात इटलीतील जूलिओ नात्ता यांना १९५४ मध्ये यश आले. साखळीवरील फांद्या एकाच बाजूस, ओळीने असतील तरच शेजारच्या साखळ्या एकमेकींस बिलगून स्फटिक होऊ शकतात. त्या अस्ताव्यस्त असतील, तर चिकट, रबरासारखा गोळा हाती लागतो. त्याची बादलीही होत नाही आणि झाकणही होत नाही. नियमित साखळ्यांच्या पॉलिप्रॉपिलीनमध्येसुद्धा सर्व भाग स्फटिक होत नाही. ढोबळमानाने निम्मा होतो, उरलेला विस्कळीत राहतो. आपल्या हातातील डबा हा असा अर्धा स्फटिक आणि अर्धा गुंता असतो.

हे स्फटिक साध्या सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसत नाहीत. त्यासाठी ध्रुवित प्रकाश लागतो. साधा प्रकाश आपल्या मार्गाच्या आडव्या अशा सर्व दिशांनी कंप पावत असतो. ध्रुवक नावाची पट्टी त्यातील एकाच दिशेचे कंपन पुढे सोडते. अशी दुसरी पट्टी पहिलीशी काटकोनात ठेवली की प्रकाश पूर्ण अडतो आणि अंधार होतो. या दोन पट्ट्यांच्या मध्ये काच, पाणी किंवा वितळलेले प्लास्टिक ठेवले तरी अंधारच राहतो. स्फटिक ठेवला, तर मात्र तो प्रकाशाच्या कंपनाची दिशा पालटतो आणि दुसऱ्या पट्टीतून उजेड बाहेर येतो. या युक्तीमागे दीर्घ इतिहास आहे. आइसलँडमधून आलेल्या पारदर्शक खनिजातून पाहिले असता एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हे डेन्मार्कच्या बार्थोलिन यांनी १६६९ मध्ये नोंदविले. १८०८ साली पॅरिसमध्ये मालुस यांनी तशाच खनिजाचा तुकडा डोळ्यासमोर धरून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारा मावळतीचा प्रकाश पाहिला आणि खडा फिरवताच त्या दोन प्रतिमा आळीपाळीने मंद व तेजस्वी होतात, हे त्यांच्या लक्षात आले. एडिनबरोच्या निकोल यांनी १८२८ मध्ये त्याच खनिजाचे लोलक जोडून उत्तम ध्रुवक बनविला; आणि एडविन लँड या अमेरिकन संशोधकाने १९२९ च्या सुमारास ध्रुवकाची स्वस्त, पातळ पट्टी तयार केली. आज आपल्या डोळ्यांवरील महागड्या गॉगलमध्ये जी पट्टी असते, ती हीच.

आता प्रत्यक्ष प्रयोग. दाण्याचा नखाएवढाही नव्हे, टाचणीच्या डोक्याएवढा कपचा काचपट्टीवर ठेवला, वर पातळ काच ठेवली आणि ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखालच्या तापविता येणाऱ्या मंचावर बसविली. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते. तरीही तिने तापमान २०० अंशांपर्यंत नेले आणि पाच मिनिटे तसेच ठेवले. कारण विचारता म्हणाली, ‘नाहीतर त्याला जुने आठवते.’ अर्धवट वितळलेल्या द्रवात आधीच्या स्फटिकांचे बारीक अवशेष राहतात आणि निवताना पुन्हा त्याच जागांवरून वाढ सुरू होते. म्हणून आधी पाटी कोरी करून घ्यावी लागते.

पाटी कोरी झाली, म्हणजे डोळ्यासमोर निव्वळ काळोख आला. तेथून तापमान झपाट्याने १३० अंशांवर आणून स्थिर केले. काही काळ काहीच घडले नाही. नंतर काळोखात एक फिकट ठिपका उमटला, मग दुसरा, मग दूर कोपऱ्यात तिसरा. हे ठिपके जागेवर राहून गोल वाढू लागले. प्रत्येक गोलाच्या पोटात एक काळा चौफुला होता, चार पाकळ्यांमध्ये फुली मारावी तसा. मी मंच फिरविला. गोल फिरले, चौफुला मात्र जागचा हलला नाही. त्याचे कारण साधे आहे. गोलातील स्फटिक मध्यबिंदूपासून चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरलेले असतात. जे आरे दोन पट्ट्यांपैकी एखाद्या पट्टीच्या दिशेत येतात, ते प्रकाशाची दिशा पालटू शकत नाहीत आणि काळे दिसतात. चाक कितीही फिरवा, त्या दिशांना कोणते ना कोणते आरे असणारच. या गोलांस स्फेरुलाइट म्हणतात.

तिने मला एका गोलाची त्रिज्या दर मिनिटाला मोजून लिहावयास सांगितले. आकडे मांडताना माझ्या जुन्या सवयीला एक गोष्ट लगेच जाणवली. वाढ चक्रवाढीने होत नव्हती, सरळव्याजाने होत होती. दर मिनिटाला तेवढेच मायक्रॉन जमा. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो.) तापमान पालटले नाही, तर हा दर शेवटपर्यंत पालटत नाही. दोन गोल एकमेकांस भिडले की तेथे वाढ थांबते आणि मध्ये सीमा पडते. दोघांचा जन्म एकाच वेळचा असेल, तर सीमा सरळ. एक आधीचा असेल, तर वक्र. म्हणजे सीमारेषा पाहून कोण वडील आणि कोण धाकटा हे सांगता येते. अर्ध्या-पाऊण तासात सगळे क्षेत्र अशा वाकड्यातिकड्या शेतांनी भरून गेले आणि अंधार उरला नाही.

या गोलांच्या आत आणखी एक घडण आहे, ती मात्र या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. प्रत्येक आरा हा अतिशय पातळ पापुद्र्यांचा बनलेला असतो. पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास. साखळी मात्र त्याहून कितीतरी पटींनी लांब असते आणि ती पापुद्र्याच्या जाडीच्या दिशेने उभी असते. मग एवढी लांब साखळी त्यात मावते कशी? ब्रिस्टलच्या अँड्र्यू केलर यांनी १९५७ मध्ये उत्तर दिले: साखळी घडी घालते. कापडाच्या दुकानात तागा जसा पुढेमागे घड्या घालीत ठेवतात, तशी. त्याच वर्षी आणखी दोघे संशोधक स्वतंत्रपणे अशाच पातळ स्फटिकांपर्यंत पोहोचले होते. याहून नवलाची गोष्ट म्हणजे १९३८ मध्येच स्टॉर्क्स नावाच्या संशोधकाने घडीची कल्पना लिहून ठेवली होती आणि तिच्याकडे जवळपास वीस वर्षे कोणी लक्ष दिले नव्हते.

काही साखळ्या एका पापुद्र्यात घडी घालून पुढे शेजारच्या पापुद्र्यातही शिरतात आणि दोहोंस बांधून ठेवतात. प्लास्टिकचा चिवटपणा बऱ्याच अंशी या बांधणाऱ्या साखळ्यांवर अवलंबून असतो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरा मुद्दा येथून सुरू होतो.

दुसऱ्या दुपारी तिने तोच दाणा तीन तऱ्हांनी निवविला. पहिली पट्टी सावकाश निवविली: बीजे मोजकी, गोल मोठे, त्यांच्या सीमा ठळक. दुसरी वितळल्यावर एकदम थंड केली: बीजे असंख्य, गोल इतके लहान की सगळे क्षेत्र राखाडी, मिठासारखे बारीक दिसले. तिसऱ्या दाण्यात चिमूटभर शंखजिऱ्याची पूड होती. ती पट्टी पहिलीसारखीच सावकाश निवविली, तरीही सगळीकडे एकाच क्षणी उजेड फुटला, कारण पुडीचा प्रत्येक कण एक तयार बीज होता. गोल मोठे आणि सीमा ठळक झाल्या, की तेथे बांधणाऱ्या साखळ्या कमी पडतात, उरलेला कचरा आणि सूक्ष्म पोकळ्या तेथेच साठतात आणि धक्का बसला की भेग त्या रेषेनेच धावते. बारीक रव्याचा माल धक्का सोसतो. तुपाच्या बाबतीत रवाळपणा हा गुण आहे. येथे तो उलट आहे.

हे सारे मी तिच्याकडे केवळ हौसेने पाहावयास गेलो नव्हतो. माझ्या ओळखीचे दोन व्यापारी एका वादात अडकले होते. एक दाण्याचे वितरक, दुसरे झाकणे बनविणारे कारखानदार; दोन्ही घराण्यांचा व्यवहार दोन पिढ्यांचा. जवळजवळ सहा टन दाणा उधारीवर गेला होता. त्यातून बनलेली जाड मुठीची झाकणे ग्राहकाकडून परत येऊ लागली, मूठ मुळातून तडकत होती. कारखानदारांनी पैसे रोखले. ‘शेठ, पोत्यात काय भरून दिलेत ते तुम्हांलाच ठाऊक,’ एवढे वाक्य त्यांच्या तोंडून गेले. वितरकांना ते फार लागले. ‘भाऊ, ह्याच लॉटचा माल आणखी चार ठिकाणी गेला आहे, एकाचीही तक्रार नाही,’ असे त्यांचे म्हणणे. इकडे येणी नव्वद दिवसांपलीकडे गेली, तेव्हा बँकेच्या हिशेबात ती ड्रॉइंग पॉवरमधून वगळली गेली आणि वितरकांच्या कॅश क्रेडिट खात्याचा श्वास कोंडला. भेसळीचा आरोप एकदा बाजारात फिरला की तो परत घेता येत नाही, याची दोघांनाही जाणीव होती. म्हणून कोर्टाची पायरी न चढता तपासणी करावी, असे मी सुचविले आणि दोघांनीही रीतसर शुल्क निम्मे निम्मे भरून नमुने दिले.

नमुने तीन होते: तडकलेले झाकण, त्याच साच्यातून वर्षभरापूर्वी निघालेले चांगले झाकण आणि सील न फोडलेल्या पोत्यातील दाणा. झाकणाच्या मुठीचे, मायक्रोटोम नावाच्या सुरीयंत्राने, सुमारे १० मायक्रॉन जाडीचे काप काढले. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची बाहेरची कातडी थंड धातूला लागून झटकन गोठते, म्हणून तिच्यात रवा दिसत नाही. आत जावे तसा रवा वाढत जातो. चांगल्या झाकणात तो गाभ्यापर्यंत बारीकच होता. तडकलेल्या झाकणात कातडीच्या लगेच आतपासून मोठमोठे गोल भरलेले होते आणि भेग एका गोलाच्या कडेने दुसऱ्या गोलाच्या कडेला वळणे घेत गेलेली स्पष्ट दिसत होती. मग तिने तडकलेल्या झाकणाचा कपचा आणि पोत्यातील दाणा, दोन्ही वितळवून एकाच रीतीने निवविले. दोन्ही क्षेत्रे सारखी दिसली. त्यात दुसरे प्लास्टिक, समजा पॉलिएथिलीन, मिसळलेले असते तर तापविताना १३० अंशांच्या आसपास त्याचे डाग आधी वितळताना दिसले असते. तसे काही झाले नाही.

मात्र सूक्ष्मदर्शक सर्वज्ञ नाही, हेही तिने दोघांना सुनावले. वारंवार वितळविलेल्या दाण्याच्या साखळ्या तुटून आखूड होतात आणि ते या भिंगातून ओळखणे कठीण असते. त्यासाठी २३० अंशांवर, २·१६ किलो वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम द्रव ठरावीक छिद्रातून वाहतो, ते मोजतात. ती चाचणीही केली. आकडा सर्टिफिकेटशी जुळला. त्यानंतर तिने कारखानदारांना एकच प्रश्न विचारला, ‘काका, साच्याचे पाणी शेवटचे कधी तपासले?’

साचा उघडला, तेव्हा त्यातील पाण्याच्या वाहिन्यांत क्षारांची पुटे चढलेली सापडली. बोअरचे जड पाणी, तापलेला धातू. वाहिनी अर्ध्याहून अधिक बुजली होती. साचा गरम राहत होता, मूठ हळू निवत होती आणि कामगार कोमट झाकणे तशीच खोक्यात रचीत होते, म्हणजे ती एकमेकांची ऊब राखून आणखी सावकाश निवत होती. वाहिन्या साफ केल्यावर उरलेल्या त्याच पोत्यांतून काढलेली झाकणे तडकली नाहीत. पैसे दोन धनादेशांत आले. वितरकांनी व्याज मागितले नाही, कारखानदारांनी त्या वाक्याचा उल्लेख पुन्हा केला नाही, आणि यंदाही दिवाळीपूर्वीची मागणी त्यांच्याकडेच गेली.

दाण्याचा व्यापार नसलेल्यांनाही याचा उपयोग आहे. मिठाई व फरसाणासाठी मिळणारे काचेसारखे पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनचे डबे ही याच बीजांची करामत आहे. सॉर्बिटॉलपासून बनविलेली काही द्रव्ये अल्प प्रमाणात घातली की रवा इतका बारीक होतो की प्रकाश विखुरत नाही. पाण्याच्या बाटलीचे पेट हे प्लास्टिक मुळात मंद स्फटिक होणारे. ते वेगाने थंड केल्यामुळे पारदर्शक राहते. तेच रेंगाळत निवले, तर दुधासारखे पांढरे होते. गरम रस भरण्याच्या बाटल्यांची मान कधी कधी पांढरी असते, ती मुद्दाम स्फटिक केलेली असते, म्हणजे उष्णतेने वाकडी होत नाही.

सध्या विघटनशील म्हणून विकल्या जाणाऱ्या, मक्याच्या पिठूळातून तयार होणाऱ्या पीएलएच्या पेल्यांविषयी तर खरेदीपूर्वी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. स्फटिक न झालेले पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. असा पारदर्शक पेला सरबताला चालतो, चहात मात्र लुळा पडतो. स्फटिक केलेला माल अपारदर्शक दिसतो आणि उष्णता अधिक सोसतो. विक्रेता दोन्हींना एकच नाव देतो आणि भाव सांगताना फरक सांगत नाही. लग्नकार्यासाठी हजारोंनी पेले मागविणाऱ्यांनी आधी एका पेल्यात उकळता चहा ओतून पाहावा.

मुलांना या विद्येची चुणूक घरीच दाखविता येईल. लॅपटॉपचा पडदा मुळातच ध्रुवित प्रकाश देतो. त्यावर पांढरे पान उघडा, समोर पारदर्शक प्लास्टिकचा चमचा धरा आणि ध्रुवक असलेल्या गॉगलमधून पाहा. गॉगल फिरविताना पडदा काळा झाला की चमच्यात रंगांचे पट्टे उमटतील. ते स्फटिकांचे नव्हेत. साच्यात दाबाने शिरताना साखळ्यांवर पडलेल्या ताणाचे आहेत. पट्टे जेथे दाटीने येतात, बहुधा दांडा आणि वाटी यांच्या जोडाजवळ, तेथे चमचा मोडण्याची शक्यता अधिक असते.